नाशिककडे बोअरची जागा बघायला वापरतात ती रेझिस्टिव्हिटी मशीन नदीच्या डेल्टात चालते का?

विचारणाऱ्याने प्रश्नाखाली थोडं सविस्तर लिहिलंय. एमएस्सीचा प्रोजेक्ट गोदावरीच्या डेल्टात मिळालाय, जमिनीखालचे पाण्याचे थर काढायचेत, कॉलेजची मशीन नाशिकहून घेऊन जाणार, किती खोल दिसेल, आणि आपल्याकडे "रीडिंग पडलं की पाणी" म्हणतात तसंच तिथं धरायचं ना?

ते "धरायचं ना" वाचलं आणि राहवलं नाही. नाही धरायचं. अजिबात नाही. ह्याच एका वाक्यापायी एका माणसाची बोअर खारी गेलेली मी जवळून बघितलीये, आणि त्या सर्व्हेत रीडिंग लिहिणारा मी होतो.

आधी हे वाक्य आलं कुठून ते सांगतो. मी सिन्नर तालुक्यातला. आपल्याकडे मुरमाड रानात साउंडिंग घेतलं (म्हणजे सळ्यांतून जमिनीत करंट सोडून, सळ्या लांब लांब नेत, खोल खोलचा वीजरोध मोजला) की वरचा कोरडा थर शंभर-दीडशे ओहम-मीटर दाखवतो, मग झिजलेला, ओल धरलेला खडक नाहीतर मांजऱ्या (भोकाभोकांचा मऊ खडक) लागला की तीस-चाळीस, आणि त्याखाली अखंड काळा पाषाण आला की आकडा पाचशे-हजाराकडे पळतो. जास्त, कमी, जास्त. एच टाइप कर्व्ह. मधला जो खड्डा पडतो तिथं पाणी असायची शक्यता, म्हणून सिन्नर, येवला, चांदवड सगळीकडे बोअरच्या जागा दाखवणारे म्हणतात रीडिंग पडलं की पाणी. आपल्या खडकात हे बऱ्यापैकी खरंही ठरतं (गेरूचा थर लागला तर इथंही फसवतं, पण ते राहू द्या).

डेल्टात चित्र बरोब्बर उलटं. वर कालव्याच्या पाण्याने भिजलेली चिकणमाती, तिचा आकडा पाच ते आठ. तिच्याखाली नदीने कधीकाळी टाकलेली वाळू, तिच्यात गोडं पाणी असेल तर आकडा वर चढतो, पंचवीस, तीस, चाळीस. आणि त्याच्याखाली खाऱ्या पाण्याची वाळू किंवा समुद्राच्या गाळाची चिकणमाती आली की आकडा धाडकन दोन-तीनवर. कमी, जास्त, कमी. के टाइप. म्हणजे तुमचं पाणी खड्ड्यात नाही, उंचवट्यात आहे. गंमत बघा, आकडा तोच, तीस-चाळीस, इथंही पाणी आणि तिथंही पाणी, पण इथं तो कर्व्हचा तळ आहे आणि तिथं माथा.

असं का होतं ते आर्ची नावाच्या अभियंत्याने १९४२ मध्येच मांडून ठेवलंय. वाळूचे कण वीज नेत नाहीत, त्यांच्यामधलं पाणी नेतं. स्वच्छ वाळूची रेझिस्टिव्हिटी म्हणजे आतल्या पाण्याच्या रेझिस्टिव्हिटीच्या साधारण तीन ते पाच पट. पाण्याची इसी (वीज वाहून न्यायची क्षमता, खारेपणाचं माप) १००० मायक्रोसीमेन्स असेल तर त्या पाण्याची रेझिस्टिव्हिटी १० ओहम-मीटर, चारने गुणलं की वाळूचे ४०. इसी २०,००० झाली तर पाणी अर्धा ओहम-मीटर आणि वाळू २. समुद्राचं पाणी तर ०.२ च्या आसपास. म्हणजे मशीन पाणी आहे की नाही हे सांगतच नाही, वीज किती सहज जाते एवढंच सांगते, आणि डेल्टात सगळ्यात सहज जिथून जाते ते पाणी माणसालाही चालत नाही आणि नारळालाही.

आता माझं. २००९ च्या जानेवारीत मी पहिल्यांदा तिकडे गेलो. तेव्हा नाशिकच्याच एका छोट्या सर्व्हेवाल्यांकडे कामाला होतो, नाव लिहीत नाही. तिकडच्या कुणीतरी आमच्या साहेबांना बोलावलं होतं, वीस-पंचवीस साउंडिंगचं काम. साहेबांनी आयुष्यभर काळ्या खडकात बोअरच्या जागा दाखवल्या होत्या आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी आजही मान्य करतो. आम्ही दोघं आणि मशीनची पेटी, वायरचे चार ड्रम, स्टीलच्या सळया, दोन घण, एवढं घेऊन रेल्वेने आंध्रात राजमुंद्रीला उतरलो.

मला आधी नदीच बघायची होती. आपण नाशिकला गोदावरीलाच गंगा म्हणतो, गंगेवर जातो म्हणतो, रामकुंडावर पाय बुडवतो, उन्हाळ्यात तर तिथं गुडघाभर पाणी असतं. ब्रह्मगिरीवरून निघालेलं तेच पाणी १४६५ किलोमीटर जाऊन समुद्राला मिळतं हे शाळेत पाठ केलेलं, पण राजमुंद्रीच्या पुलावरून बघताना पलीकडचा काठ धड दिसेना तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. पुढे धवळेश्वरमला जिथं आर्थर कॉटनने १८५२ मध्ये बंधारा पुरा केला (आता तिथं नवीन बराज आहे) तिथून कालवे निघतात, आणि खाली नदी फुटून गौतमी आणि वसिष्ठा ह्या मुख्य शाखा होतात. त्यांच्या मधलं ते कोनसीमा. सगळीकडे भात, नारळ, कालवे, आणि समुद्राकडे सरकलं की कोळंबीचे तलाव.

अजून एक, विषयाला सोडून आहे पण सांगतो. राजमुंद्रीजवळ एका खाणीत काळा दगड दिसला. आपलाच. तसाच जड, तसाच फुटणारा. आपल्या सह्याद्रीच्या बाजूचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वी हजारेक किलोमीटर वाहत तिथपर्यंत गेला असं बऱ्याच संशोधकांचं म्हणणं आहे. मी तिथून घरी फोन लावून वडिलांना सांगितलं, बाबा इथं आपला दगड आहे. ते म्हणाले, मग पाणीबी आपल्यासारखंच असंल. साहेबांनीही तेच धरलं होतं. पण तो दगड खाणीत राहतो, डेल्टात उतरलं की फक्त गाळ, वाळू आणि चिकणमाती, पाया सापडायला शेकडो मीटर खाली जावं लागतं.

साउंडिंग नंबर १४. एका शेतकऱ्याला नारळाच्या रोपवाटिकेसाठी गोडं पाणी पाहिजे होतं. जानेवारी म्हणजे भाताची दुसरी लावणी, सगळ्या खाचरांत पाणी, वायर पसरायला जागा फक्त कालव्याच्या बांधावर. बांधावरून दोन्हीकडे वायर ओढली. आपल्याकडे मुरमात सळी ठोकून मिठाचं पाणी ओतल्याशिवाय करंट जात नाही, तिथं सळी हाताने दाबली तरी आत, करंट मस्त जायचा. मला वाटलं काम सोपं आहे. अवघड दुसरीकडेच होतं. एबी बाय दोन (करंटच्या बाहेरच्या दोन सळ्यांमधलं अर्धं अंतर) १०० मीटर आणि एमएन (व्होल्टेज मोजायच्या मधल्या दोन सळ्यांमधलं अंतर) १० मीटर घेतलं तर गुणक (व्होल्टेज भागिले करंट ज्याने गुणलं की रेझिस्टिव्हिटी मिळते) येतो ३१३४ च्या आसपास. जमीन ३ ओहम-मीटरची, करंट १०० मिलीअँपिअर, तर मधल्या दोन सळ्यांमध्ये व्होल्टेज मिळतं मिलीव्होल्टचा जेमतेम दहावा हिस्सा. तेच आपल्या ६० ओहम-मीटरच्या रानात जवळजवळ दोन मिलीव्होल्ट, वीसपट. म्हणजे लांबच्या रीडिंगला मशीन जे दाखवते त्यात जमीन किती आणि शेजारच्या मोटारीच्या अर्थिंगचा गोंधळ किती हे कळत नाही. एकेक रीडिंग पाच-सहा वेळा घेऊन, करंट वाढवून, आकडा स्थिर होतो का ते बघावं लागतं.

कर्व्ह असा आला: सुरुवातीला ७, मग चढत चढत २८, आणि एबी बाय दोन ४० च्या पुढे खाली खाली, १०० ला ३ च्या जवळ. मधे ६० वर एक छोटी उडी होती. ती उडी का होती ते मला माहीत होतं, कारण तिथं मी एमएन २ वरून १० केलं होतं आणि एमएन बदललं की कर्व्हचा तुकडा थोडा वरखाली होतो, म्हणूनच दोन्ही एमएनवर एक-दोन रीडिंग परत घ्यायची असतात. मी घेतली होती. नोंदवहीत त्या पानावर पेन्सिलने लिहिलंही होतं, "खाली खारं?"

साहेबांनी लॉजवर लॉग पेपरवर ठिपके मांडले. त्यांना ती उडी म्हणजे दुसरा थर वाटला आणि उतरणारा कर्व्ह म्हणजे पाणी. मी म्हटलं, "सर, हे खारं असू शकतं, इथून समुद्र लांब नाही." ते म्हणाले, "तू वायर ओढ. वीस वर्षं झाली मला, रीडिंग पडलं की पाणी." मी विषय सोडला. सकाळी मी विचारलं, आजूबाजूच्या विहिरींचं पाणी मोजू का, माझ्याकडे खिशातला इसी मीटर आहे. म्हणाले, "त्यात दिवस जाईल, आज तीन साउंडिंग उरकायचेत." रिपोर्टात ४५ मीटरची शिफारस गेली आणि माझा पेन्सिलीचा शेरा वहीतच राहिला.

आम्ही पुढच्या गावांत होतो तोवर शेतकऱ्याने बोअर घेतली. तिथं आपल्यासारखी दणादण हातोडा मारणारी गाडी नसते, मऊ मातीत पाणी फिरवत पाइप खाली सोडतात. ६ ते १७ मीटरमध्ये छान वाळू लागली होती, तिच्यात गोडं पाणी, तिथंच थांबले असते तर काम झालं होतं. पण शिफारस ४५ ची, म्हणून त्या वाळूसमोर साधा बंद पाइप टाकला आणि जाळीचा पाइप ४० ते ४५ ला. पंप लावला तेव्हा आम्हाला बोलावून घेतलं. पाणी धो धो आलं. शेतकऱ्याची म्हातारी आई ओंजळ भरून प्यायली, थुंकली आणि एकच शब्द म्हणाली, "उप्पु." मला तेलुगू येत नव्हतं पण हा शब्द कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. मी मीटर बुडवला तर डाव्या कोपऱ्यात नुसता १ आला, म्हणजे रेंजच्या बाहेर. मीटरची रेंज २० मिलीसीमेन्सपर्यंत होती. शेतकऱ्याने साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "मशीनने जे दाखवलं ते आम्ही सांगितलं. कधी कधी मशीन चुकते."

हे मला आजही सहन होत नाही. मशीन चुकली नव्हती. मशीनने ७ दाखवलं, २८ दाखवलं, ३ दाखवलं, तिन्ही खरे होते. २८ ला गोडं पाणी होतं आणि ३ ला खारं. चुकलं ते वाचणाऱ्याचं. आणि हे "मशीन चुकते" फक्त तिथं राहिलं नाही, नाशिकला पण हेच ऐकतो. आमचे चुलते, आम्ही अप्पा म्हणतो, ते दरवेळी बोअर घ्यायची झाली की पाणाड्याला बोलावतात, तळहातावर नारळ उभा राहिला की जागा पक्की, आणि मी काही बोललो की म्हणतात, "तुमच्या मशीनवाल्यांच्या बी फेल जातातच ना, मग नारळ काय वाईट?" त्यांना काय सांगू? नारळाला विचारता येत नाही की तू कशावरून उभा राहिलास. कर्व्हला विचारता येतं. पण विचारलंच नाही तर दोन्ही सारखेच, हे अप्पांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

बरं, तुमचे प्रश्न. चालते का? चालते, आणि खरं तर डेल्टा ही साउंडिंगला आपल्या खडकापेक्षा चांगली जागा आहे, कारण सगळी गणितं आडवे, सलग थर धरून केलेली असतात आणि गाळाचे थर तसे असतात, आपल्या खडकासारखी दहा पावलांवर भेग नाही. किती खोल? एबीच्या एकूण लांबीचा साधारण पाचवा हिस्सा धरा, ४०० मीटर वायर असेल तर ७५-८० मीटर. पण वरच जाड खारी चिकणमाती असेल तर करंट तिच्यातच अडकतो, तेव्हा एवढ्याचाही भरवसा नाही.

थर किती जाड हे कॉम्प्युटर सांगेल आणि तुम्ही विश्वास ठेवाल, तो ठेवू नका. १० मीटर जाडीचा ४ ओहम-मीटरचा थर आणि ५ मीटर जाडीचा २ ओहम-मीटरचा थर, दोघांत जाडी भागिले रेझिस्टिव्हिटी २.५ च येतं, आणि असा थर दोन जास्त रोधाच्या थरांमध्ये असेल तर कर्व्ह जवळपास तसाच दिसतो. सॉफ्टवेअर एरर दोन टक्के दाखवेल आणि दोन्ही मॉडेल पास करेल. खोलीच्या मानाने पातळ थर तर दिसतच नाही. म्हणून एका जागी तरी जिथं बोअर आधीच झालीये, किती मीटरला काय लागलं हे माहितीये, तिच्या शेजारी साउंडिंग घ्या, आणि तिथल्या आकड्यांवरून बाकीचे वाचा. २ ओहम-मीटर म्हणजे चिकणमाती की खारी वाळू हे कर्व्हवरून कधीच कळत नाही, कितीही अनुभव असू द्या, वीस वर्षं असोत की चाळीस.

मी स्वतः आता काय करतो ते सांगतो. पहिला दिवस मशीन पेटीतून काढत नाही. गावातले हापसे, विहिरी, उथळ बोअर फिरतो, खोली विचारतो, इसी मोजतो, आणि नोंदवहीत तो कॉलम आधी भरतो. मग लाइन कालव्याला समांतर न घेता आडवी घेता येते का बघतो, कारण बांधावर घेतलेल्या लाइनीत कालव्याचं पाणीच रीडिंगमध्ये येतं (नंबर १४ ला तेही झालंच होतं). तिथं उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी कालवे बंद करतात, खाचरं सुकतात, तुमच्या कॉलेजला जमत असेल तर एप्रिलअखेर-मे मध्ये जा. ऊन मरणाचं असतं पण जागा मिळते. समुद्राला समांतर वाळूचे जुने उंच पट्टे आहेत, गावं आणि नारळ बरेचसे त्यावरच, गोडं पाणी तिथं पावसाचं साठून खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं, हा घायबेन-हर्झबर्गचा नियम तुम्हाला माहीत असेलच. त्याची दुसरी बाजू मात्र लोक विसरतात, पंपाने गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरवली की खालून खारं चाळीस मीटर वर यायला बघतं. म्हणून त्या पट्ट्यात खोल बोअर मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो, उथळ घे, थोडं थोडं उपस.

काही गोष्टी सुरुवातीला सांगायला पाहिजे होत्या. कोळंबीच्या तलावांजवळ वरचं सगळं उलटं होऊ शकतं, वर खारं आणि खाली गोडं, तेव्हा के टाइपचाही पाढा करू नका. नुसतं गोड्या-खाऱ्याची सीमा काढायची असेल आणि पैसे असतील तर बऱ्याच सळ्या एकदम लावून इमेजिंग करा, साउंडिंगच्या एका ठिपक्यापेक्षा आडवा छेद मिळतो, ती सीमा कुठे वर आलीये कुठे खाली गेलीये ते दिसतं. टीडीईएम (वायरच्या वेटोळ्यातला करंट एकदम बंद करून जमिनीचा चुंबकीय प्रतिसाद मोजायची पद्धत) मिळालं तर अजून बरं, खाऱ्या जमिनीत ते जास्त चांगलं चालतं कारण वीज सहज नेणाऱ्या थरांचाच प्रतिसाद त्यात ठळक येतो, शिवाय त्याला सळ्या ठोकाव्याच लागत नाहीत. आणि मी भूभौतिकीचा प्रोफेसर नाही, मी वायर ओढत ओढत शिकलोय, तुमचे गाइड गणितात माझ्यापेक्षा पुढे असणारच.

पण तेच गाइड जर म्हणाले की इसी-बिसी मागून बघू, आधी लाइनी मारून घ्या, तर तेवढं ऐकू नका. दहा विहिरींचं पाणी मोजायला सायकलवर एक सकाळ लागते. त्या शेतकऱ्याच्या बांधापासून शंभर पावलांवर शेजाऱ्याची जुनी खोल बोअर होती, खारी निघाली म्हणून तोंडाला गोणपाट बांधून सोडून दिलेली, आणि ती मला दिसली बोअर खारी गेल्यानंतरच्या दिवशी, जेव्हा मी एकटाच मीटर घेऊन परत त्या गावात फिरलो.